पत्र्यावरची खडूची रेघ

“हातोडी सैल धर. अगदी टोकाला. मारायची नाही, तिची ती पडू द्यायची. आणि पडली की श्वास धरून ऐकायचं.”

गिलने हे सांगितलं तेव्हा तो पंचविशीचा होता आणि त्याच्या बोटांना रॉकेलचा वास यायचा. आज सकाळी त्याच्या बायकोने, इदालिनाने, जपमाळ पुरी केली, शेवटचा क्रूस ओठांना लावून ती एप्रनच्या खिशात टाकली, आणि कॉफी चढवायच्याही आधी मागच्या गॅरेजात जाऊन, स्टँडवर चढवलेल्या जुन्या इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर हातोडी पडू दिली. ठप्. पिठाच्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज आला आणि जिथल्या तिथे विरला. तिने पुन्हा पाडली. ठप्. धड लोखंड बोलतं आणि चिरलेलं लोखंड गप्प बसतं, असं गिल म्हणायचा. हातोडी खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण दाराकडे बघतो आहोत, चोरी करताना कुणी पाहिलं की काय तसं. समोर स्वयंपाकघराच्या खिडकीशी गिल चाकाच्या खुर्चीत बसला होता. खिडकी उघडी होती. त्याला ऐकू गेलं असणार. ऑक्टोबरात त्याच्या मेंदूत गुठळी अडकली, तेव्हा उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कान मात्र शाबूत राहिले. साऱ्या शब्दांतला एकच मागे राहिला होता, ‘पोइश’. ज्या बेटावरून ते इथे आले तिथल्या बोलीतला, ‘बरं’, ‘हो ना’, ‘तर काय’, कशालाही चालणारा. भूक लागली की पोइश, ताट सारलं की पोइश, पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले की पोइश. होकार कुठला आणि नकार कुठला हे आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला ती शिकत होती. अजून पुरतं जमलं नव्हतं. आता खिडकीतून तो तिच्याकडे बघत होता.

स्टँडशेजारी गाडी उभी होती. बत्तीस सालची, बिनछपराची, पुढची चाकं उघडी, बॉनेटच्या बाजू काढून टाकलेल्या. तुलारी गावातल्या त्या काळच्या सगळ्या पोरांनी जुन्या सांगाड्यांवर वेगासाठी जशा हॉट रॉड बांधल्या तशीच, फक्त गिलने ती विकली नाही. इंजिन आणि गिअरची पेटी उतरवल्यापासून, वजन गेल्यामुळे, तिचं नाक आपोआप वर आलं होतं. जिथे इंजिन होतं त्या पोकळीमागच्या पत्र्यावर, ज्याच्या पलीकडे पाय ठेवतात, त्यांच्या मुलाने, डेरेकने, काल संध्याकाळी पांढऱ्या खडूने एक रेघ मारून ठेवली होती. नवं इंजिन मागच्या बाजूने रुंद असतं, पत्रा तेवढा कापावा लागतो. ते नवं इंजिन भिंतीशी लाकडी खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं उभं होतं. त्याला लोखंडाचा वास नव्हता. नव्या बुटांच्या खोक्यासारखा वास होता. रविवारी फेस्ता. पवित्र आत्म्याच्या नावाने, त्याचा चांदीचा मुकुट घेऊन सभागृहापासून चर्चपर्यंत मिरवणूक, आणि आज सोमवार. आज पत्रा कापला तर रविवारपर्यंत नवं इंजिन बसतं, असं डेरेक म्हणाला होता. उद्यावर गेलं तर नाही. कापलेला पत्रा मागे सांधता येत नाही हेही तोच म्हणाला होता, पण ते वेगळ्या, खालच्या आवाजात.

ती कॉफीसाठी आत गेली. दूध तापवताना तिने ऑक्टोबरात केलेला नवस पुन्हा आठवून पाहिला, अक्षर न अक्षर. रुग्णालयातला बोळ, नाणं घेऊन कॉफी देणाऱ्या यंत्राची घरघर, कुणीतरी सांडलेली साखर बुटाखाली करकरलेली. यंत्राच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा म्हणाला होता, “पवित्र आत्म्या, याला मला परत दे. येत्या फेस्ताला तो स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हाताने, तुझ्या मुकुटामागून चर्चपर्यंत येईल. तेवढं मी करीन.” की “तसाच येईल, जसा दरवर्षी येतो,” असं म्हणाली होती? कधी एक वाक्य खरं वाटे, कधी दुसरं. तसाच म्हणजे कसा? तसाच म्हणजे त्या आवाजात? दरवर्षी मुकुटामागून, चालू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकीला शेजारी बसवून, गिल माणसाच्या चालीने ती गाडी हाकायचा. जुनं फ्लॅटहेड इंजिन. त्याचा जळका धूर ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर पडतो, म्हणून ते चालीच्या वेगात तापतंच. त्याला वारा लागतो. वारा वेगात मिळतो, आणि देवाची मिरवणूक वेगात जात नाही. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे वाफ सुरू व्हायची. पोरं ओरडायची, “गिलची किटली उकळली!” सभागृहात मांसाच्या रश्श्यावर पुदिना घालणाऱ्या बायका ती हाक आली की पातेल्यांची झाकणं काढायला घ्यायच्या, कारण किटली उकळली म्हणजे मिरवणूक अर्ध्यावर आली. तो हसायचा, टोपी उडवायचा, थांबून नाक निवू द्यायचा, मग पाणी घालायचा. गेल्या वर्षी थांबला नाही. शेजारी बसलेल्या म्हातारीला घेरी येत होती, चर्चची पायरी समोर दिसत होती. वाफेत तसाच पुढे गेला, तिला सावलीत उतरवलं, आणि उतावीळपणाने बागेच्या नळीचं गार पाणी तापल्या लोखंडात सोडलं. आतून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. साऱ्या बँडच्या गोंगाटात तो दोघांनीच ऐकला असेल. त्याने तिच्याकडे पाहिलं होतं. आत्ता खिडकीतून पाहिलं तसंच.

आणि मग नेमकं तेच आठवायचं, जे आठवू नये म्हणून ती दुधावरची साय उगाच ढवळत होती. दियोलिंदा मावशीची गोष्ट. बेटावर त्यांच्या गावातल्या एका माणसाने मूल जगलं तर लाल वासरू देईन असा नवस केला. मूल जगलं. फेस्ता आली तेव्हा लाल वासरू असं भरलं होतं की त्याला ते देववेना. त्याने ठिपक्यांचं दिलं. तेही चांगलं होतं, वजनाने जास्तच भरलं असतं, आणि ज्यांनी खाल्लं त्यांची पोटं काही कमी भरली नाहीत. सकाळी लाल वासरू उंबऱ्याशी मरून पडलेलं. जखम नाही, रोग नाही. “पवित्र आत्मा दयाळू आहे,” मावशी पीठ मळता मळता सांगायची, “पण तो मोजणीत चुकत नाही. जे बोललीस तेच दे, नाहीतर बोलू नको.” पाद्रीबाबांना हे कधी सांगितलं तर ते हसतात आणि म्हणतात, इदालिना, देव सावकार नाही. नसेलही. त्यांनी ते वासरू पाहिलेलं नाही. मावशीने पाहिलं होतं.

डेरेक आला तो थेट गॅरेजातच गेला. तिने दुधाचा कप गिलच्या डाव्या हातात दिला, त्याची खुर्ची ढकलत अंगणातून गॅरेजाच्या दाराशी आणली. मुलगा खोक्यावरचं प्लास्टिक सोडवत होता.

“बोंज्या, पाई.” सकाळचा नमस्कार म्हणत त्याने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. “झोप लागली का?”

“पोइश.”

“माई, बोल आता. कटर माझ्या ट्रकात आहे.”

“मी वाजवून पाहिलं,” ती म्हणाली.

“मग?”

“बोलत नाही.”

“मी काय सांगत होतो?” डेरेकने सुस्कारा टाकला. त्यात आनंद नव्हता, हे तिला दिसलं. “माई, नीट ऐक. जुन्याला क्लच आहे, त्यात डावा पाय अडकतो. पाईंचा उजवा पाय गेलेला. ॲक्सिलरेटर कोण दाबणार, तू? नव्याला क्लच नाही, पेडल मी डावीकडे घेतो. एका पायावर गाडी चालते. उकळत नाही. दिवसभर चालीने ने, सॅन होजेपर्यंत ने. तूच म्हणालीस ना, स्वतः चालवत येईल असा नवस आहे? मग हाच रस्ता आहे.”

“आवाज?”

“आवाजाचं काय?”

“आवाज तो नसेल.”

“नवसात आवाज होता?”

होता का? यंत्राची घरघर होती, साखर होती. डेरेक आवाज उतरवून म्हणाला, “माई, मला पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. तुला आहे?” हे त्याने गिलकडे पाठ करून म्हटलं होतं. पण गॅरेज लहान होतं. कपातलं दूध हललं. तिने पुढे होऊन कप घेतला. मानेमागे काहीतरी ताणलं जात होतं, मिठाईच्या पुड्याचा दोरा ओढून धरतात तसं, आणि कापायला कात्री मिळत नाही. हो म्हण, तिने स्वतःला सांगितलं. पोरगा बरोबर आहे. तो बापासाठी रजा टाकून आला आहे, खोकं त्याने आणलं आहे, त्यात प्रेमच आहे. ठिपक्यांचं वासरूही कुणीतरी प्रेमानेच वाढवलं असेल.

“डॉयलला बोलावलंय मी,” ती म्हणाली. “त्याने एकदा बघू दे.”

“डॉयलकाका पत्रा कापायच्या विरोधातच बोलणार. ते डोक्यावरच्या केसांनासुद्धा नवं तेल लावत नाहीत.”

“केसच नाहीत रे मला,” दारातून आवाज आला. डॉयल प्रुइट, इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा, गिलचा शाळेपासूनचा दोस्त. लांबुळका, पँट काखेपर्यंत चढवलेला, बाप्तिस्त, म्हणजे दुसऱ्या पंथाचा. “काय रे किटली, झाकण ठीक आहे का?” त्याने गिलच्या गुडघ्यावर थाप मारली.

“पोइश!” गिल जवळजवळ हसला.

“याचं इंग्रजी पूर्वीपेक्षा सुधारलंय. आता निदान कळतं तरी. इदा, मला तुमच्या मेरीच्या कामाला जुंपता आणि रविवारी रस्सापाव देता तो गार. बोल, काय झालं?”

तिने सांगितलं. वाजवलं, नाद आला नाही.

“कुठे वाजवलंस? या स्टँडवर? अगं, स्टँडवर घट्ट आवळलेलं काहीही ठप्पच बोलणार. तुला छातीशी धरून मारलं तर तू गाशील का? लटकव त्याला. डेरेक, साखळी घे.”

साखळी कपीवरून आली, आकडा बसला, ठोकळा स्टँडवरून सुटून हवेत उचलला गेला आणि किंचित फिरत राहिला. डॉयलने तो हाताने थांबवला, हात काढला. “वाजव,” तो म्हणाला, “तुला शिकवून ठेवलंय असं तुझा नवरा म्हणायचा.” ती हातोडी घ्यायला वाकली तर हातोडी नव्हती. ती गिलच्या मांडीवर होती. केव्हा घेतली? डावा हात टोकाशी, सैल.

तिने खुर्ची पुढे नेली. बाहेर दूधवाल्यांचा टँकर गेला, त्याचा आवाज सरेपर्यंत गिल थांबला. मग पडू दिली. ठोकळा बोलला. इतका स्वच्छ, लांब आवाज, की डेरेकने मान वर केली. डॉयलने लटकता ठोकळा थोडा फिरवला. पुन्हा तोच आवाज. पुन्हा थोडा. तिसऱ्या बाजूलाही. आवाज संपायची वाट गिल बघत होता, डोळे मिटून, ओठ हलत होते, आणि तिला वाटलं जपमाळ म्हणतानाचे आपले ओठ बाहेरून असेच दिसत असतील. चौथ्या बाजूला, झडपेजवळ, आवाज आला पण मध्येच मोडला. गिलने डोळे उघडले. त्याच जागी पुन्हा पाडली. मोडला. मग त्याने हातोडी मांडीवर ठेवली आणि तळवा त्या जागेवर ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि काढलाच नाही.

“एकच चीर आहे,” डॉयल नाक ओढत म्हणाला. “पिना ठोकून शिवता येईल. पण घाईत नाही. रविवारपर्यंत तर मुळीच नाही. ऑगस्ट धर. आणि शिवलेलं टिकेलच असं मी बायबलवर हात ठेवून सांगणार नाही, तुमच्याही आणि माझ्याही.”

“पाई,” डेरेक खुर्चीसमोर उकिडवा बसला. “पाई, तुम्हीच सांगा. हे जुनं ठेवायचं?”

“पोइश.”

“की नवं बसवू?”

“पोइश.”

“पाई, दोन्ही कसं पोइश?” त्याचा आवाज फाटला. तो हसायला गेला आणि ते हसू झालं नाही. तोंडावर कोपर धरून तो उठला आणि गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिला, दोन्ही हात डिकीच्या पत्र्यावर टेकून, मान खाली. गाडी चाकांवर होती, वजन उतरलेली. त्याच्या नुसत्या टेकण्याने ती वीतभर पुढे सरली.

इतकंच झालं. गाडी सरली, चाकाखाली वाळूचे दोन कण चिरडले, आणि त्या आवाजातून इदालिना एकदम गिलच्या बापाच्या गोठ्यामागच्या रस्त्यावर जाऊन पोचली. ही गाडी पहिली काही वर्षं बिनइंजिनाची होती, हे ती विसरलीच होती. सांगाडा मिळाला होता, इंजिन जमलं नव्हतं. लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर तो तिला पांढऱ्या कपड्यांतच सुकाणूमागे बसवायचा आणि स्वतः मागून ढकलत गाडी गोठ्यातून उन्हात आणायचा, नुसती धुवायला. मग धुवायची सोडून आणखी पुढे, अल्फाल्फा गवताच्या शेताकडेने, सपाट रस्त्याने, खडी चिरडल्याचा आवाज तेवढा, आणि त्याचा श्वास. तिला हाकता येत नव्हतं. कालव्याची कड जवळ आली की ती घाबरून पाय दाबायची. “ब्रेक नको,” तो मागून म्हणायचा. “मी आहे मागे.” त्याचा चेहरा दिसायचा नाही. आवाज यायचा आणि पाठीत गाडीचा तो मऊ रेटा. सगळ्या आयुष्यात आपण एवढे निर्धास्त पुन्हा कधी झालो का, असं तिने इतक्या वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हाताने. ‘तेवढं मी करीन.’ हा शेवटचा तुकडा मात्र पक्का होता, यात दुसरं वाक्य कधीच आड आलं नव्हतं. मी. खोक्यातलं इंजिन ते करणार होतं, डेरेकचं कटर करणार होतं, डॉयलच्या पिना करणार होत्या. तिने काय द्यायचं ठरवलं होतं? होकार. पत्रा कापायला होकार, नाहीतर न कापायला होकार. एवढ्याशावर नवस फिटतो? की ही आपलीच पळवाट, तिसरंच वासरू? ती भीती काही गेली नाही. ती होती तिथेच राहिली, फक्त आता तिला पाय फुटले होते आणि कुठे जायचं ते तिला माहीत होतं.

ती एप्रनचं टोक नळाखाली ओलं करून आली, गाडीच्या पुढच्या पोकळीत वाकली, आणि पत्र्यावरची खडूची रेघ पुसली. कोरडी झाल्यावर अंधुक पांढरं उरेल म्हणून पुन्हा पुसली.

“माई?”

“नवं इंजिन तुझ्या ट्रकात घाल. चांगलं आहे ते. डॉयल, हे ने. ऑगस्टात दे, नाताळात दे.”

“आणि रविवारी?” डेरेकने विचारलं.

“रविवारी क्लच नाही. डावा पाय मोकळा आहे, ब्रेकवर पोचतो. डावा हात सुकाणूवर. बाकीचं मी बघते.”

डॉयलला आधी कळलं. तो तिच्याकडे, मग गाडीकडे, मग परत तिच्याकडे बघत राहिला. “इदा, रुळांपाशी चढ आहे.”

“माहीत आहे.”

“तुझं वय काय?”

“तुझ्याहून कमी.”

डेरेकने गिलकडे पाहिलं. गिलने अजून ठोकळ्यावरचा हात काढला नव्हता. आता काढला, मांडीवर पुसला, आणि गाडीच्या दाराकडे बोट केलं. एवढंच. त्या आठवड्यात ती रोज पहाटेची जपमाळ म्हणून गाडी अंगणात थोडी पुढे ढकलायची, थोडी मागे ओढायची. पाठ दुखायची. कोणालाही सांगितलं नाही. नवस करताना सांगितला नव्हता, फेडतानाही सांगायचा नसतो.

रविवारी सभागृहासमोर ऊन लवकर चढलं. मखमली झगे सावरत मुली रांगेत उभ्या होत्या, चांदीच्या मुकुटावरचं कबूतर चमकत होतं, बँडवाले वाद्यांतली थुंकी झटकून ती पुसत होते. स्वयंपाकघरातून पुदिन्याचा वास येत होता, आणि बायका पातेल्यांच्या झाकणांवर हात ठेवून हाकेची वाट बघत होत्या, जी यंदा येणार नव्हती. गाडी मुकुटामागे उभी होती. डेरेकने बापाला उचलून सुकाणूमागे बसवलं, पट्टा बांधला, आणि बाजूला उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून. “माई, नुसता रुळांपाशी तरी,” तो पुटपुटला. “रुळांपाशी बघू,” ती म्हणाली. पलीकडच्या फुटपाथवर डॉयल होता, आपलं चर्च सोडून आलेला, टोपी छातीशी. लोक बॉनेटच्या उघड्या बाजूंतून आत बघत होते. आत काहीच नव्हतं, पलीकडचा रस्ता दिसत होता. एकजण हसला आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

इदालिनाने बूट काढले, मोजे त्यात घातले आणि ते पायरीशी ठेवले. डांबर तापलेलं होतं. ती डिकीमागे गेली, खिशातली जपमाळ मनगटाला गुंडाळली आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले. पत्राही तापलेला. गिलचा चेहरा तिला दिसत नव्हता. टोपी दिसत होती, आणि डावा खांदा, ताठ, भ्यालेला. ब्रेकवर पाय इतका घट्ट होता की तिच्या रेट्याने गाडी जराही सरत नव्हती. पुढे बँडने पहिला सूर लावला, मुकुट हलला.

“ब्रेक नको,” ती हळूच म्हणाली. “मी आहे मागे.”

टोपी थोडी वळली. खांदा खाली आला.

“पोइश,” तो म्हणाला, आणि पाय उचलला.